‘मोजण्यात यावे’ आणि ‘मोजता येते’ : लहान नळयोजनांवरील प्रशिक्षणाच्या भाषेचा विचार

‘येणे’ या एकाच क्रियापदाच्या साहाय्याने मराठी भाषा दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या वाक्यरचना सिद्ध करते. ‘पाण्यातील क्लोरीन रोज मोजण्यात यावे’ ही एक. ‘त्याला पाण्यातील क्लोरीन मोजता येते’ ही दुसरी. पहिल्या रचनेत कर्ता लुप्त असतो. ‘-कडून’ वा ‘-तर्फे’ लावून तो मागाहून आणता येतो हे खरे. परंतु व्यवहारात तो सहसा आणला जात नाही, आणि आणावा लागत नाही हेच त्या रचनेच्या लोकप्रियतेचे कारण होय. दुसऱ्या रचनेत कर्ता चतुर्थीत उभा असतो; तो गाळला तर ‘कोणाला?’ असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात लगेच उमटतो. पहिल्या रचनेविषयी शैलीच्या अंगाने तक्रार करण्याची प्रथा जुनी आहे. ती बोजड आहे, कचेरीच्या वळणाची आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु ज्या मजकुराचा हेतूच कोणाला तरी एखादी गोष्ट ‘करता यावी’ हा आहे, तो मजकूर जेव्हा सर्वस्वी ‘करण्यात यावी’ या रचनेत लिहिला जातो, तेव्हा केवळ शैली बिघडते की कार्यच बिघडते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकानेही विचारण्यासारखा आहे. खेड्यातील लहान नळयोजना चालविणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

संविधानाची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे सोपविण्याच्या विषयांत घातला गेला. पुढे १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि प्रत्येक ग्रामीण घरी नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी पोचविण्याचे उद्दिष्ट ठरले. कागदावरील ही सारी वाक्ये शेवटी ज्या एका माणसापाशी येऊन थांबतात, त्याला कोठे ‘पाणीवाला’ म्हणतात, कोठे ‘वॉलमन’. आरोग्य खात्याच्या कागदांत पाण्याचे नमुने घेणाराचे व पाण्यात पूड टाकणाराचे नाव ‘जलसुरक्षक’ असे आहे. पुष्कळ ठिकाणी ही सर्व नावे एकाच माणसाची असतात, आणि तोच ग्रामपंचायतीचा शिपाईही असतो. पहाटे वीज असेल तेव्हा मोटार सुरू करणे, टाकी भरली की बंद करणे, आळीपाळीने वॉल फिरवून वस्त्यांना पाणी सोडणे, फुटलेली नळी जोडणे आणि पाण्यात पूड टाकणे ही त्याची कामे होत.

त्याच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तिका, सूचनाफलक व टिपणे यांची परिभाषा पाहिली असता प्रथम डोळ्यांत भरतात ती नामे. विहिरीला ‘उद्भव’, मोटारीपासून टाकीपर्यंतच्या नळीला ‘ऊर्ध्ववाहिनी’, टाकीला ‘जलकुंभ’, वॉलला ‘झडप’. बोलीत ‘उद्भवणे’ हे क्रियापद अडचणीविषयी वापरले जाते. ‘उद्भव कोरडा पडला’ हे वाक्य प्रथमच ऐकणाऱ्याची त्यामुळे क्षणभर गंमत होत असेल. परंतु या नामांवर टीकेची सारी शक्ती खर्च करणे हे मराठी टीकाकारांचे एक व्यसनच होऊन बसले आहे. १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले, तेव्हापासून परिभाषेचा वाद म्हणजे संस्कृत शब्द हवा की रूढ शब्द हवा हा वाद, असे समीकरण होऊन गेले. वस्तुतः नळयोजनेवरील माणसाची येथे फारशी अडचण होत नाही. ‘झडप’ म्हणजे आपला वॉल, हे तो पहिल्या तासातच शिकतो. वस्तू समोर असते, बोट दाखविले की काम भागते. जे हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, त्याची नावे चुकली म्हणजे मात्र खरा अनर्थ होतो.

असे एक नाव ‘अवशिष्ट क्लोरीन’ हे होय. पाण्यात जेवढे क्लोरीन घालावे त्यातील काही भाग पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये, लोह, अमोनिया आणि जंतू यांच्याशी झुंजण्यात खर्च होतो. उरते ते पुढे नळीतून जाताना, एखाद्या फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरले तर, त्याच्याशी झुंजण्यास शिल्लक राहते. हे उरलेले क्लोरीन भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००, २०१२) प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५. म्हणजे या साऱ्या व्यवहारात महत्त्व आहे ते उरण्याला. आता ‘अवशिष्ट’ हा शब्द पाहा. ‘अवशेष’, ‘उच्छिष्ट’, ‘शिष्ट’ यांच्या गोतावळ्यातून तो येतो. ऐकणाऱ्याला त्यातून काही अर्थ लागलाच तर तो ‘मागे पडलेले, टाकाऊ’ असा लागण्याचा संभव अधिक. नळाच्या पाण्यात टाकाऊ काही राहू नये असेच कोणालाही वाटणार. शब्द कठीण आहे हा त्याचा दोष गौण. तो उलट दिशेला बोट दाखवितो हा मुख्य.

याच्या शेजारी लोकांनी स्वतः घडविलेले रूपक ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. गावात पूड टाकण्याला ‘पाण्यात औषध टाकणे’ असे म्हणतात. शब्द सोपा आहे, घरगुती आहे, बोलीतील आहे; म्हणून तो योग्य आहे असे मात्र नव्हे. औषध आजाऱ्याला द्यावयाचे असते. साथ आली, जुलाब सुरू झाले, पावसाळ्यात विहीर गढूळ झाली, की औषध टाकावयाचे. एरवी निरोगी पाण्याला औषध कशास? शिवाय औषधाला वास येतो, तक्रार येते, आणि तक्रार आली की मात्रा कमी करावयाची, हेही त्या रूपकाच्या पोटात आलेच. रूपक माणसाला नुसते समजावीत नाही, ते त्याच्याकडून कृती करवून घेते. कोरड्या दिवसांत पूड टाकण्यात जी ढिलाई होते तिचे खापर आळसावर फोडण्यापूर्वी या शब्दाचाही झाडा घेणे न्याय्य होईल.

मग योग्य शब्द कोणता? तो शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. ज्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत हा माणूस बसतो-उठतो, तेथेच जमा, खर्च आणि शिल्लक हे तीन शब्द दररोज कानांवर पडतात. घातलेले क्लोरीन ही जमा. पाण्याने खाल्लेले तो खर्च. नळाशी हाती लागते ती शिल्लक. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की खर्च वाढतो, म्हणून जमा वाढवावी लागते, नाहीतर शिल्लक शून्यावर येते. पाणी कितीही नितळ असले तरी खर्च अगदी शून्य कधी नसतो आणि टोकाच्या नळापर्यंत काही शिल्लक राहिलीच पाहिजे, म्हणून जमा रोजच करावी लागते. मात्रा, क्लोरीनची मागणी आणि अवशिष्ट क्लोरीन या तीन पारिभाषिक संज्ञांतील संबंध एका वजाबाकीत उभा राहतो, आणि ती वजाबाकी ऐकणाऱ्याला आधीच येत असते. प्रशिक्षण स्वस्त करावयाचे म्हणजे काय, याचे एक उत्तर येथे मिळते: शिकणाऱ्यापाशी आधीच असलेल्या ज्ञानाचे मोल द्यावे लागत नाही.

अर्थात् लोकभाषेत सर्व काही आहे, ते उचलून घेतले की झाले, हे मत भाबडे होय. पाण्याविषयीची मराठी शब्दसंपत्ती मोठी आहे. परंतु ती जीभ, डोळा आणि चूल यांनी घडविलेली आहे. ‘मचूळ’, ‘सपक’, ‘खारट’ हे जिभेचे शब्द. ‘गढूळ’, ‘नितळ’, ‘निवळ’ हे डोळ्यांचे. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते ‘जड’ पाणी, हा चुलीचा निवाडा; पाठ्यपुस्तकातील ‘दुष्फेन’ या शब्दापेक्षा तो कितीतरी नेमका आणि जुना. अकोला, बुलढाणा व अमरावती या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याला ‘खारपाणपट्टा’ हे नाव लोकांनीच दिले आहे आणि भूजलशास्त्रज्ञांनी ते मुकाट्याने स्वीकारले आहे. परंतु यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात जे फ्लोराइड असते त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही. म्हणून त्याला बोलीत शब्दही नाही. दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडे वाकतात, तेव्हा दुखण्याला नाव मिळते, पाण्याला मिळत नाही. जंतूंचेही तेच. ‘पाणी निवळले’ यावरून ‘पाणी शुद्ध झाले’ हा निष्कर्ष बोली आपोआप काढते. आणि तुरटी फिरवून निवळलेले पाणी जंतूंनी भरलेले असू शकते हे सांगावयाचे तर बोलीच्या विरुद्ध जावे लागते. सारांश, प्रशिक्षकाला बोली नुसती बोलता येऊन चालत नाही. ती कोठवर साथ देते आणि कोठे दगा देते हे त्याला कळावे लागते.

आता पुन्हा क्रियापदाकडे येणे प्राप्त आहे. ‘विहिरीतील पाण्याचे प्रमाण काढून त्यानुसार पूड टाकण्यात यावी’ या धाटणीच्या वाक्यात किती कृती दडलेल्या असतात? विहिरीचा व्यास मोजावयाचा. पाण्याची खोली मोजावयाची. व्यासाचा वर्ग करून त्यास खोलीने व ३.१४ ने गुणावयाचे, चाराने भागावयाचे, मग घनमीटरांचे लिटर करावयाचे. हजार लिटरांस चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पूड, हे सर्वसाधारण प्रमाण धरले, तर ४ मीटर व्यासाच्या व ३ मीटर पाणी असलेल्या विहिरीत ३७,६८० लिटर पाणी असते आणि पूड लागते सुमारे ९४ ग्रॅम. तीच विहीर मे महिन्यात १ मीटरवर आली की पूड लागते सुमारे ३१ ग्रॅम. वर्षभर ‘एक डबा’ टाकणारा माणूस उन्हाळ्यात तिप्पट पूड टाकतो, लोक वासाने हैराण होतात, तो टाकणेच सोडतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जेव्हा खरी गरज असते तेव्हा सवय मोडलेली असते. त्याला गणित येत नाही असे यावरून म्हणू नये. विहिरीची खोली मोजण्याचे ‘परस’ हे माप त्याच्या आजोबांपासून चालत आलेले आहे. ‘पुरुष’ या शब्दाचेच ते रूप. माणसाच्या उंचीवर बसविलेले असल्याने गावोगाव थोडेफार बदलणारे. त्याच्या विहिरीत एका परसाला किती डबे, हे एकदा त्याच्याच देखत, वाण्याच्या काट्यावर तोलून, ठरवून दिले आणि दोरीला गाठी मारून दिल्या, तर वर्गाचे गणित त्याच्या वाट्याला रोज येत नाही. ते एकदाच, शिकविणाराच्या वाट्याला येते.

पुडीचेही असेच. ग्रामीण महाराष्ट्रात तिचे नाव ‘टीसीएल’. ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’ या नावाची ही आद्याक्षरे होत. उष्ण हवेत टिकावी म्हणून जादा चुना घातलेली ती पूड. नावात टिकाऊपणाची ग्वाही आहे, परंतु आद्याक्षरांत ती विरून गेली आणि उरला एक निरर्थक ध्वनी. ताज्या पुडीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपलब्ध असते; पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले, की ते उडून जाते आणि चुना तेवढा उरतो. दिसायला दोन्ही पांढरीच. ती टाकण्याची रीत अशी की, थोड्या पाण्यात लगदा करावा, आणखी पाणी घालून ढवळावे, गाळ खाली बसू द्यावा, आणि वरचे स्वच्छ पाणी तेवढे विहिरीत सोडावे. पुस्तिकांत या रीतीचे वर्णन तीन-चार ओळींत, एकात एक गुंतलेल्या ‘-ण्यात यावे’ रचनांनी केले जाते. मराठीत त्याला एक शब्द आहे: निवळी. चुन्याची निवळी ज्याने एकदा केली आहे त्याला ‘टीसीएलची निवळी करून टाक’ एवढे सांगितले की पुरे.

हे सारे शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. म्हणून कर्त्याशिवायच्या वाक्याची किंमत काय पडते याचा एक सविस्तर नोंदलेला दाखला येथे घेणे इष्ट होईल. तो महाराष्ट्राबाहेरचा, कॅनडातील आहे. कारण तेथे त्याची न्यायालयीन पद्धतीने, जाहीर चौकशी झाली. ऑन्टारिओ प्रांतातील वॉकरटन हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये मुसळधार पावसाने गोठ्याच्या खताचे पाणी गावच्या एका उथळ विहिरीत उतरले. २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली, सात मेली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचा अहवाल २००२ मध्ये निघाला. त्यातून असे दिसून आले की पाणीयोजनेच्या दैनंदिन तक्त्यांवर क्लोरीनचा रकाना वर्षानुवर्षे भरलेला होता, आणि तेथील आकडे जवळजवळ नेहमी ०.५ किंवा ०.७५ हेच होते. ते मोजलेले नव्हते. व्यवस्थापक व त्याचा सहायक यांच्यापाशी प्रमाणपत्रे होती, परंतु ती परीक्षेवाचून, अनुभवाच्या जोरावर मिळालेली होती. ते स्वतः विहिरीचे कच्चे पाणी पीत आणि ते उत्तम आहे असे मानीत.

खोट्या नोंदी हा अप्रामाणिकपणाच, आणि तो अहवालाने झाकला नाही. प्रशिक्षणाने माणूस प्रामाणिक होतो असा दावा कोणी करू नये. परंतु हे आकडे ज्या भाषेत लिहिले गेले ती भाषा ओळखीची आहे. ‘०.५’ हा रकान्यातील आकडा म्हणजे ‘मोजण्यात आले’ असे एक संपूर्ण वाक्य होय. त्याला कर्ता नाही, वेळ नाही, जागा नाही. ज्याला त्या आकड्याचा अर्थ ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने तो भरणे हे कचेरीचे देणे चुकते करण्यापलीकडे काही नसते. आपण शिल्लक मोजतो आहो आणि ती शून्य आली म्हणजे पाण्याने काहीतरी भयंकर खाल्ले आहे, हे ज्याला कळते, तो खोटा आकडा लिहिताना निदान काय लिहितो आहे हे जाणतो. वॉकरटनमध्ये २००४ साली प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, ते विशेषतः लहान व दूरच्या योजनांवरील माणसांसाठी.

लहान योजनेवरील माणूस शिकत नाही याचे साधे कारण पुष्कळदा असे असते की, तो शिकावयास गेला तर त्या दिवशी पाणी कोण सोडणार? महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था नाशिकला आहे. भामरागडच्या माणसाला ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला पडते. प्रवासखर्च, बुडालेला रोज, बदली माणसाची मजुरी हे सारे मोजले तर मोफत प्रशिक्षणही त्याला महाग पडते. आणि भामरागडच्या संदर्भात भाषेचा प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो. तेथील पुष्कळांची मातृभाषा माडिया आहे, नंदुरबारच्या डोंगरात भिली. तेथे ‘सोपी मराठी’ हे उत्तर नसून दुसरा एक प्रश्न आहे. अमेरिकेतील १९९६ च्या पेयजल कायदा-दुरुस्तीने कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची सक्ती केली, तेव्हाच ३,३०० किंवा त्याहून कमी लोकांना पाणी पुरविणाऱ्या योजनांवरील कर्मचाऱ्यांचा प्रशिक्षणखर्च भरून देण्याची तरतूदही केली. सक्ती आणि खर्च यांचा विचार एकत्र करण्यातले हे शहाणपण घेण्यासारखे आहे. परंतु खर्च भरून देण्यापेक्षा तो पडूच न देणे हे आपल्याकडे अधिक शक्य आहे. पाच-सहा गावांतील पाणीवाले, पाणी सोडून झाल्यावर, दुपारी कोणा एकाच्या विहिरीवर जमले आणि शिकविणारा तेथे गेला, तर वॉल समोर असतो, पूड समोर असते, बोट दाखविता येते, आणि संध्याकाळच्या पाळीला प्रत्येक जण आपापल्या मोटारीपाशी असतो.

शिकविणारा कोण, हा अवघड भाग. अभियंत्याला यंत्र कळते, आरोग्यसेवकाला साथ कळते; परंतु ‘औषध’ या शब्दात काय बिघडले आहे हे ज्याने दहा वर्षे पूड टाकली आहे त्यालाच लवकर उमजेल असे वाटते. चांगले काम करणाऱ्या एका पाणीवाल्याने शेजारच्या पाच जणांना शिकविणे हा मार्ग स्वस्त तर आहेच, शिवाय त्याच्या वाक्यांत ‘-ण्यात यावे’ आपोआप येत नाही. जल जीवन मिशनने प्रत्येक गावात पाच स्त्रियांना तपासणीच्या पेट्या वापरण्यास शिकविण्याचे ठरविले, त्यांनाही याच दुपारी त्याच विहिरीवर बोलाविणे अगत्याचे. टाकणारा एक आणि तपासणारी दुसरी अशी वाटणी झाली आहे. दोघांचे शब्द निराळे राहिले तर तिने ‘नाही’ म्हटले तरी त्याला काय नाही ते कळणार नाही. तपासणीतही भाषेचे काटे आहेतच. जुन्या ऑर्थोटॉलिडिनच्या चाचणीत पिवळा रंग ‘लगेच’ पाहिला तर मोकळे क्लोरीन कळते, पंधरा-वीस मिनिटांनी पाहिला तर अमोनियाशी जोडले गेलेलेही त्यात धरले जाते. ते द्रव्य अपायकारक म्हणून डीपीडीची चाचणी आली, तिचा रंग गुलाबी. ‘पिवळे झाले की ठीक’ हे घोकलेले वाक्य नवी पेटी हाती येताच खोटे ठरते. ‘लगेच’ म्हणजे दहा सेकंदांच्या आत, हे सांगावयाचे तर घड्याळ नको. दहापर्यंत अंक मोजले की झाले.

प्रमाणभाषेच्या बाजूने एक आक्षेप मात्र रास्त आहे. विदर्भात, कोकणात, खानदेशात शब्द निराळे. प्रत्येक दुपारच्या विहिरीवर निराळी परिभाषा घडू लागली तर जिल्ह्याच्या नोंदवहीत त्या कशा मिळवावयाच्या? याचे उत्तर असे की, नोंदवहीतील आकडा व त्याचे परिमाण राज्यभर एकच राहावे, त्या आकड्यापर्यंत पोचविणारे वाक्य मात्र गावाचे असावे. म्हणून प्रचलित तक्त्यातील ‘अवशिष्ट क्लोरीन (मि.ग्रॅ./लि.)’ हा एकच रकाना पुरेसा होत नाही. त्याच्या जागी चार रकाने हवेत: किती टाकले, कोणत्या नळावर पाहिले, किती वाजता पाहिले, किती उरले. पाचवा रकाना सर्वांत अरुंद असला तरी चालेल. त्यात पाहणाऱ्याचे नाव लिहावयाचे, आणि ‘किती उरले’ या रकान्यात शून्य आले तर शून्यच लिहावयाचे. त्या शून्याबद्दल त्याला कोणी विचारावयाचे ते ‘आता खर्च कशाने वाढला?’ असे.